प्रेमाचा दिवस आणि जातीची भिंत

चौदा फेब्रुवारी जवळ आला की दोन पक्ष जागे होतात. दुकानदार म्हणतो, प्रेम विकत घ्या. संस्कृतिरक्षक म्हणतो, ही परकी थेरे बंद करा. या प्रथेचा इतिहास तपासण्याची गरज मात्र दोघांनाही वाटत नाही.

व्हॅलेंटाईन हा रोमन काळातील हुतात्मा. त्याच्याविषयीची माहिती इतकी तुटपुंजी, की १९६९ साली रोमन कॅथलिक चर्चनेच आपल्या सार्वत्रिक पंचांगातून त्याचा दिवस वगळला. या दिवसाचा प्रणयाशी संबंध जोडला गेला तो चौदाव्या शतकात, चॉसर या इंग्रज कवीच्या काव्यात. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एक पेनीचे टपाल सुरू झाले आणि शुभेच्छापत्रांचा धंदा फोफावला. १८६० च्या दशकात कॅडबरीने चॉकलेटचे हृदयाकृती डबे बाजारात आणले. आपल्याकडे ही लाट पसरली ती १९९१ नंतरच्या खुल्या बाजारपेठेबरोबर. संताच्या नावाने चाललेला हा उत्सव वस्तुतः बाजाराने घडविला आहे.

परंतु म्हणून प्रेमच परके ठरत नाही. हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटकाचा आरंभच मदनोत्सवाने होतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत ज्यांचे शिलालेख आहेत, त्या सातवाहन कुळातील हाल राजाच्या नावे असलेल्या ‘गाथासप्तशती’त गोदाकाठच्या प्रेमिकांच्या गाठीभेटी वर्णिल्या आहेत. संस्कृतिरक्षकांनी आपली संस्कृती तरी वाचावी!

खरा प्रश्न निराळाच आहे. याच गोदाकाठी, पंचवटीत, २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तेव्हाही बंद दाराआडून रूढीचेच नाव घेतले जात होते. पुढे १९३६ मध्ये बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हाच जातिनाशाचा खरा उपाय असल्याचे निःसंदिग्धपणे मांडले. आणि २०१३ साली नाशकात, जातीबाहेर लग्न केलेल्या गर्भवती मुलीचा पित्याच्या हातून खून झाला. त्यातून जातपंचायतींविरुद्ध चळवळ उभी राहिली आणि २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला. गुलाब विकणाऱ्याला या खुनाशी देणेघेणे नाही. जोडप्यांना बागेतून हुसकावणाऱ्याच्या मनात तर त्या पित्याचाच धर्म नांदतो.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वये इच्छुकांची नावे विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जातात आणि हरकतींसाठी तीस दिवस थांबावे लागते. नातलगांच्या धाकात असलेल्या मुलीला हे तीस दिवस जिवावर बेतू शकतात. ही जाहीर नोटीस रद्द करण्याची मागणी आपण लावून धरली पाहिजे.

त्याच कायद्यान्वये विवाहासाठी तीन साक्षीदार लागतात. जातधर्म ओलांडू पाहणाऱ्या तरुणांना नेमके तेच मिळत नाहीत. कार्यकर्त्यांनी चौदा फेब्रुवारीचा निषेध करू नये, जयजयकारही करू नये. वर्षातील कोणत्याही दिवशी असे जोडपे दाराशी आले, तर साक्षीदार म्हणून सही करावयास उभे राहावे.