शेणातील ऊर्जा कोणाच्या चुलीवर?

२०१८ साली केंद्र शासनाने ‘गोबरधन’ योजना जाहीर केली. त्याच वर्षी ‘सतत’ योजनेखाली २०२३-२४ पर्यंत बायो-सीएनजीचे ५,००० प्रकल्प उभारण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. ती मुदत उलटली, मात्र प्रत्यक्षातील प्रकल्प त्या आकड्याच्या जवळपासही पोहोचले नाहीत. हे अपयश केवळ भांडवलाचे नाही.

शेण हवाबंद टाकीत कुजले की त्यातून जैववायू निघतो. त्यात सुमारे ५५ ते ६० टक्के मिथेन असतो. हा मिथेन मोकळा सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता वाढवतो. कॅलिफोर्नियातील मोठ्या दुग्धशाळांत शेण पाण्यासह तलावांत साठवले जाते. तेथे मिथेन मोठ्या प्रमाणावर सुटतो, म्हणून तलाव झाकून तो पकडणे हेच तेथील मुख्य उद्दिष्ट आहे. आपल्याकडे बरेचसे शेण गोवऱ्यांच्या रूपाने वाळते. वाळत्या गोवरीतून मिथेन फारसा सुटत नाही, परंतु तिचा धूर चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीच्या फुप्फुसांत जातो. म्हणून या तंत्राचे यश आपण प्रथम स्वयंपाकघरात मोजले पाहिजे.

गोबरगॅस आपल्याला नवा नाही. १९६० च्या दशकापासून खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला, तर १९८१-८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लाखो संयंत्रे बसली, पण दुरुस्तीअभावी, पाण्याअभावी अनेक बंद पडली. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी लागते. म्हणजे चार-पाच जनावरे हवीत. एक गाय बाळगणारे कुटुंब यात आपोआप वगळले जाते.

गुजरातच्या आणंद जिल्ह्यातील झकरियापुरा येथे निराळी वाट दिसते. तेथे पशुपालक स्त्रियांच्या घरोघरी संयंत्रे बसवली गेली. गॅस त्यांच्याच चुलीला मिळतो आणि उरलेली स्लरी त्यांच्या सहकारी मंडळीमार्फत खत म्हणून विकली जाते. याउलट, मोठा प्रकल्प गावोगावचे शेण विकत घेतो, तेव्हा पशुपालकाच्या हाती रोख रक्कम येते खरी, पण गोवऱ्यांवर चूल पेटवणाऱ्या भूमिहीन घराचे इंधन महागण्याची भीती असते.

प्रकल्पांची संख्या वाढावी, यात दुमत नाही. परंतु मंजुरी देताना शेण गोळा करणाऱ्या हातांचा वाटा आधी ठरावा, देखभालीची हमी असावी आणि स्लरी शेताला परत मिळावी. अन्यथा गावाची ऊर्जा शहराच्या टाकीत जाईल आणि धूर मात्र गावातच उरेल.