जो पुढे, तो रस्ता ठरवणार!

सोमवार ते शुक्रवार आपण सगळे रेसच तर खेळत असतो. टार्गेट, अप्रेजल, ईएमआय आणि पुन्हा टार्गेट. मग वीकेंडला घरी बसून आणखी एक रेस कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. एकदम रास्त प्रश्न! पण मंडळी, कार्ट रेसिंग हे प्रकरण जरा वेगळं आहे. इथे पहिला येणाऱ्यापेक्षा सातवा येणारा जास्त हसतो. ऑफिसात असं कधी पाहिलंय?

आधी थोडा इतिहास, अगदी चहा संपेपर्यंतचा. कार्ट म्हणजे टप नाही, दारं नाहीत, जमिनीला चिकटून पळणारी चिमुकली गाडी. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या मेकॅनिकने गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून पहिली कार्ट बनवली. पुढे फॉर्म्युला वनचे कितीतरी ड्रायव्हर लहानपणी याच गाड्यांवर शिकले. व्हिडिओ गेममध्ये मात्र या गाडीचा अर्थच बदलला, तो १९९२ मध्ये निन्टेन्डोच्या ‘सुपर मारिओ कार्ट’ने. नुसतं जोरात पळायचं नाही, तर वाटेत मिळेल ते उचलून दुसऱ्याला हाणायचं! आणि त्यातली खरी गंमत म्हणजे, जो मागे पडलाय त्याला जास्त दणकट हत्यार मिळायचं.

आपल्या पिढीला हे नवीन नाही. सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने ‘रोड रॅश’ खेळताना शेजारच्याला लाथ घालून पाडणारे आपणच. आणि सोलापूरकरांना तर कॉम्प्युटरच्याही आधीपासून हे ठाऊक आहे. संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर गड्डा भरतो, तिथली डॅशिंग कार आठवा. वर जाळी, मागे दांडा, मधूनच उडणारी ठिणगी. तिथे कुणी पहिला येत नाही. कुणाला किती धडकलो, एवढाच हिशोब. कार्ट रेसिंग गेम म्हणजे त्याच डॅशिंग कारला रस्ता आणि फिनिश लाइन मिळालेली.

तर सांगायचंय ते ‘सोनिक रेसिंग: क्रॉसवर्ल्ड्स’बद्दल. जपानच्या सेगा कंपनीचा हा गेम २५ सप्टेंबर २०२५ ला आला. त्याच वर्षी ५ जूनला निन्टेन्डोचा ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ आला होता. एका शर्यतीत चोवीस गाड्या आणि एकमेकांना जोडलेलं मोकळं जग, त्यामुळे त्याची चर्चा जगभर. पण त्यासाठी ‘स्विच २’ हे निन्टेन्डोचंच यंत्र हवं, आणि ते ज्या देशांत अधिकृतपणे विक्रीला आलं त्या यादीत भारत नव्हता. म्हणजे दुबईचा मामा, अमेरिकेतला चुलतभाऊ नाहीतर इम्पोर्टवाला दुकानदार गाठा. सोनिकचं तसं नाही. पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, जे घरात असेल त्यावर चालतो. शिवाय पीसीवाला आणि प्लेस्टेशनवाला ऑनलाइन एकाच शर्यतीत उतरू शकतात. सोलापुरातला एक, पुण्यातला एक आणि बंगळुरूतला एक, अशी ज्यांची गँग झालीय त्यांच्यासाठी हे जाम कामाचं.

गेम नक्की काय आहे?

एका शर्यतीत बारा गाड्या, तीन लॅप. पहिला लॅप सरळसोट. तो संपता संपता समोर दोन गोल दरवाजे येतात. एकातून कुठे जाणार ते दिसतं, दुसऱ्यावर बऱ्याचदा नुसतं प्रश्नचिन्ह असतं. त्या क्षणी जो पहिल्या नंबरवर असेल तो दरवाजा निवडतो आणि उरलेले अकराजण मुकाट त्याच्या मागे दुसऱ्याच जगात जाऊन पडतात. आत्ता समुद्रकिनाऱ्यावर होतो, आता समोर डायनासोर! दुसरा लॅप तिथे, तिसरा पुन्हा मूळ रस्त्यावर, पण तोही जरा बदललेला. मुख्य ट्रॅक २४ आणि ही मधली जगं १५, त्यामुळे तीच ती शर्यत पुन्हा आली असं लवकर वाटत नाही.

गाडीही जागेनुसार रूप बदलते. पाणी आलं की बोट, दरी आली की विमान. सेगाची ही कल्पना २०१२ च्या ‘सोनिक अँड ऑल-स्टार्स रेसिंग ट्रान्सफॉर्म्ड’मधली, इथे ती नव्याने वापरलीय. वळणावर ड्रिफ्टचं बटण दाबून धरलं की ताकद साठते, सोडलं की गाडी सुसाट. हवेत उडाल्यावर कोलांट्या मारल्या की जमिनीवर टेकताना आणखी जोर. रस्त्यातल्या सोनेरी रिंगा गोळा कराल तसा वेग वाढतो, आणि कुणी हाणलं की रिंगा सांडतात. कळायला पाच मिनिटं, जमायला पाच वीकेंड.

वर गॅजेट्स आहेत. खेळत जाल तशी मिळतात आणि गाडीच्या पाटीवर बसवायची. कुणी ड्रिफ्ट लवकर भरणारं लावतं, कुणी सुरुवातीलाच हत्यार देणारं. आमच्यातल्या एका इंजिनिअरने यावर पहिल्याच रात्री एक्सेल शीट करायला घेतलं. काही लोकांना सुट्टी देऊन उपयोग नाही!

सोफ्याची परीक्षा

माझा या प्रकारच्या गेमसाठी एकच निकष आहे. ज्याने आयुष्यात कंट्रोलर हातात धरलेला नाही, तो तिसऱ्या शर्यतीला स्वतःहून “अजून एक” म्हणतो का? बाकी ग्राफिक्स वगैरे नंतर.

विजापूर रोडवरच्या एका मित्राच्या फ्लॅटवर आम्ही ही परीक्षा घेतली. लॅपटॉप टीव्हीला जोडला, स्क्रीनचे चार भाग केले. हिंजवडीहून संध्याकाळच्या हुतात्माने आलेला इंजिनिअर, अक्कलकोट रोडला वडिलांचा टॉवेलचा कारखाना सांभाळणारा एकजण, घरमालक मित्राची बँकेत नोकरी करणारी ताई आणि अस्मादिक, म्हणजे पेमेंटची वाट बघणारा पत्रकार. घरमालकाकडे पोह्यांची जबाबदारी.

खरं सांगायचं तर आजकाल आम्ही भेटलो की पहिला अर्धा तास अवघड जातो. एकाचं पॅकेज वाढलेलं असतं, एकाच्या ऑर्डरी अडकलेल्या असतात, माझ्याकडे सांगण्यासारखी पगाराची स्लिपच नसते. “काय चाललंय बे?” या प्रश्नाला “निवांत” हे उत्तर आणि मग सगळ्यांची नजर आपापल्या मोबाइलमध्ये. शाळेत एकाच बाकावर बसलेल्यांची ही गत. तुमच्याही ग्रुपमध्ये होत असणार, फक्त कुणी बोलत नाही.

त्या रात्री तो अर्धा तास आलाच नाही. ताईने कंट्रोलर उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “गाडी मला येते, बटणांचं तेवढं सांगा.” पहिल्या शर्यतीत अकरावी, दुसरीत आठवी. तिसरीत तिने मागून येऊन इंजिनिअरला मॉन्स्टर ट्रकखाली घेतलं आणि ‘अजून एक’ हे तिनेच सांगितलं. परीक्षा पास!

टॉवेलवाला मात्र पहिल्या तासभर कायम शेपटाला. मग एकदा कसा कोण जाणे, पहिल्या नंबरवर आला आणि समोर ते दोन दरवाजे. एकात आमचा सगळ्यांचा पाठ झालेला ट्रॅक, दुसऱ्यावर प्रश्नचिन्ह. आम्ही तिघंही ओरडतोय, “ओळखीचा घे बे, ओळखीचा!” हा गडी शांतपणे प्रश्नचिन्हात घुसला. “ओळखीच्या रस्त्यानं तर रोज जातोय की बे,” एवढंच म्हणाला. पुढच्या वळणावर आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला नवव्या नंबरवर पाठवला, ते सोडा. पण त्या रात्री त्याने पहिल्यांदा आपणहून कारखान्याचं काय चाललंय ते सांगितलं. दोन शर्यतींच्या मधल्या वेळात, नजर स्क्रीनवर ठेवून. समोरासमोर बसून “टेन्शन आहे का?” विचारलं असतं, तर पुन्हा “निवांत”च ऐकायला मिळालं असतं. शेजारी बसून एकाच दिशेला बघत बोलणं सोपं जातं, हे बाइकवर मागे बसून मन मोकळं केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

पण सगळंच झक्कास नाही

पहिली तक्रार, मारामारीचा अतिरेक. बारा गाड्यांकडे हत्यारं असली की शेवटच्या वळणावर एकामागून एक फटके बसतात. आधी डोक्यावर वजन पडतं, सावरतोय तोवर मागून ट्रक. तीन लॅप नीट चालवून शेवटच्या दहा सेकंदांत पहिल्याचे सातवे होतो. सोफ्यावर चौघांत याचं हसू येतं. ऑनलाइन, अनोळखी लोकांत, हसायला शेजारी कुणी नसताना, तोच फटका जाम झोंबतो.

दुसरी तक्रार, बरोबरी. एका सोफ्यावर चौघंही त्याच लॅपटॉपवरची गॅजेट्स वापरतात, म्हणून सगळे सारखे. ऑनलाइन गेलात की शेकडो तास खेळलेला, सगळं मिळवून बसलेला माणूस समोर येतो. म्हणजे पुन्हा आपलं ऑफिसच! जो आधी आला, तो पुढे.

तिसरी, पैसे. हात्सुने मिकूसारखे काही पाहुणे खेळाडू फुकट मिळतात, पण ‘माइनक्राफ्ट’ आणि ‘स्पंजबॉब’ची मंडळी आणि त्यांचे ट्रॅक हवे असतील तर वेगळी खरेदी. मूळ गेममध्ये वीसहून जास्त खेळाडू आधीच आहेत, त्यामुळे सुरुवातीला तिकडे बघूच नका.

घरच्यांना काय सांगायचं?

हल्ली ‘गेम’ म्हटलं की आईवडिलांच्या कपाळावर आठी येते. “पैसे लावून खेळतोस का रे?” हा प्रश्न त्यांनी विचारणं चुकीचंही नाही. मोबाइलवरच्या रमीने अनेक घरांची वाट लावली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा केला. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे गेम वेगळे धरलेत. सोनिकची शर्यत ही त्या दुसऱ्या खात्यातली. हरलात तर फार फार तर पुढचा चहा तुमच्याकडे. तरीही समजावणं जमत नसेल, तर वडिलांच्या हातात कंट्रोलर द्या. वाद मिटतो, फक्त कंट्रोलर परत मिळत नाही.

खिशाचं गणित

कन्सोल नाही, गेमिंग लॅपटॉप नाही, महिनाअखेर आहे? मग ‘सुपरटक्सकार्ट’ डाउनलोड करा. पेंग्विनवाला, पूर्णपणे मोफत, जुन्या कॉम्प्युटरवरही पळतो आणि एकाच स्क्रीनवर मित्रांसोबत खेळता येतो. मोबाइलवाल्यांना ‘बीच बगी रेसिंग’ आहेच, २०१४ चा असला तरी मजा तीच. आधी यावर मन रमतंय का बघा, मग सोनिकसाठी पाकीट उघडा. सेलची वाट पाहिलीत तर उत्तमच.

आणि सोनिक घेतलात तर दोन टिप्स. एक, सुरुवात सगळ्यात साध्या वेगावर करा. ‘सोनिक स्पीड’ नावाला भुलून थेट तिथे गेलात तर रस्ता दिसायच्या आत संपलेला असेल. दोन, ग्रँड प्रिक्समध्ये एक प्रतिस्पर्धी निवडता येतो आणि तो किती कडक हवा तेही ठरवता येतं. पहिल्याच दिवशी बॉससारखा निवडू नका. तो सोमवारी भेटणारच आहे!

फर्स्ट इम्प्रेशन काय, तर एकट्याने खेळायला पाचपैकी साडेतीन स्टार, चौघांत पुरे साडेचार. त्यातल्या रिंगा, गॅजेट्स, कोलांट्या महिन्याभरात जुन्या होतील. पण दर शर्यतीत एकदा कुणीतरी पुढे येतो आणि सगळ्यांचा रस्ता ठरवतो, आणि तो रोज वेगळा असू शकतो, ही कल्पना सॉल्लिड आहे. आपल्या ग्रुपमध्ये ठरवणारा बहुतेक वेळा एकच असतो, नाही का?

तेव्हा या वीकेंडला पार्क चौकात तासभर उभं राहून “कुठं जायचं बे” करण्यापेक्षा चौघांना घरी बोलवा. ज्याचा फोन हल्ली येत नाही, त्याला आधी. भाकरी आणि शेंगाची चटणी असेल तर बेत आणखी फर्मास. फक्त कंट्रोलरला हात लावायच्या आधी बोटं पुसा, तेलकट बटणावर ड्रिफ्ट बसत नाही!