गुडघ्याआधी कामाची चौकशी

सोलापूरच्या पूर्व भागातल्या दवाखान्यांत गुडघे धरून येणाऱ्या अनेक बायका विडी वळणाऱ्या असतात. केसपेपरवर मात्र बऱ्याचदा ‘गृहिणी’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि उपचार तिथंच चुकायला लागतो.

मजुरी हजार विड्यांमागे मिळते. तेंदूची पानं कात्रीनं मापात कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, वळायचं, टोकं मुडपायची, दोरा बांधायचा. तासन्‌तास गुडघे दुमडलेले, मान खाली आणि प्रत्येक विडीचा भार अंगठ्याच्या बुडाशी. अशा बाईला आपण ‘मांडी घालू नका’ म्हणतो. ती मान डोलावते आणि घरी जाऊन सूप मांडीवर घेते. दुसरं ती काय करणार?

सल्ला कामात बसणारा हवा. भिंतीला पाठ टेकता येईल का? पाट किंवा बुटकं स्टूल मिळेल का? शंभर विड्या झाल्या की उठून चार पावलं चालायची, पाय लांब करून मांडीचा स्नायू आवळून धरायचा, एवढं तिला जमतं. अंगठ्याला आधारपट्टी द्या, पण ती बांधून कात्री चालवून दाखवायला सांगा. व्यायामाचा कागद मराठीइतकाच तेलुगू आणि कन्नडमध्येही लागतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडून व्यायाम आपल्यासमोर करून घ्यावा.

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं १९९६ मध्ये कॉपकॉर्ड ही संधिवाती दुखण्यांची पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढांत सुमारे १८ टक्के लोकांना सांध्या-स्नायूंचं दुखणं होतं. रुमेटॉइड आर्थ्रायटिस अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तो थोड्यांना होतो, पण चुकवून चालत नाही. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल आणि बोटांचे सांधे सुजलेले असतील, तर वेदनाशामकावर महिने न घालवता संधिवाततज्ज्ञाकडे पाठवा.

वेदनाशामकांबद्दल मला जास्त काळजी वाटते. दुकानातून सुट्या घेतलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या रोज, त्यात रक्तदाबाची रॅमिप्रिलसारखी गोळी, सोबत लघवी वाढवणारं औषध, आणि वर पारा ४२-४४ अंशांवर नेणारा आपला मे महिना. पाणी कमी पडलं की या तिन्ही औषधांचा मारा मूत्रपिंडावर एकदम होतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अस्थिसंधिवातासाठी व्यायाम आणि गरज असेल तिथं वजन घटवणं हा उपचाराचा गाभा मानला आहे. गुडघ्यासाठी औषधांत आधी लावायचं वेदनाशामक जेल येतं. गोळी त्यानं भागलं नाही तरच, तीही कमीत कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी. ‘सुई मारा, उद्या माल द्यायचाय’ ही विनवणी आपण सगळेच ऐकतो. तरीही निदान न करता स्टेरॉइड टोचू नये. आधी रक्तदाब मोजा, क्रिएटिनिन पाहा आणि घरी चालू असलेल्या गोळ्यांची पिशवी मागवून घ्या.