दप्तर पोटाशी आवळून

औंढा-सेनगावकडून सकाळी निघालेल्या मानव विकास योजनेच्या, शाळकरी मुलींसाठीच्या निळ्या एसटीत एखादी मुलगी दप्तर पोटाशी आवळून बसलेली असते. शेजारणीला न सांगताच कळतं. पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात, गर्भाशय जोरात आकसतं, त्याचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता घटतो आणि कळा येतात. ‘लग्न झालं की थांबेल’ हे त्यावरचं उत्तर नव्हे. वैद्यकीय संशोधनाच्या २०१९च्या कॉक्रेन आढाव्यात आठवड्यातून किमान तीनदा, पाऊण ते एक तास व्यायाम करणाऱ्या बायकांचं दुखणं शंभराच्या मापावर सुमारे २५ने उतरलेलं दिसलं. पुरावा अजून कच्चा आहे, पण या उपायाला पैसे पडत नाहीत. पोटाचे, कंबरेचे स्नायू बळकट करायला सतरंजी पुरते: उताणं झोपून गुडघे दुमडायचे, श्वास सोडत बेंबी आत ओढायची, कंबर सावकाश उचलायची. हळदीच्या काढणीत दिवसभर वाकणाऱ्या पोरीला ‘तुझा व्यायाम होतोच की’ म्हणू नये. त्या वाकण्यानं कंबर शिणते. आणि कळा महिन्यागणिक वाढत असतील, गोळी घेऊनही शाळा बुडत असेल, तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) तर नाही ना, हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावं. सोबत आईनं जावं, आणि हे दुखणं डॉक्टरांपुढे मुलीलाच तिच्या शब्दांत सांगू द्यावं.