विमा ५ लाखांचा, तरी लाखभर रुपये खिशातून का?

आरोग्य विम्याचा दावा मंजूर होतो, पण बिलाची पूर्ण रक्कम मिळत नाही. अनेकदा त्यामागे पॉलिसीतील तीन अटी असतात.

को-पे : मंजूर रकमेतील ठरावीक टक्के वाटा विमाधारकाने भरायचा. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत तो ५ टक्के आहे.

डिडक्टिबल : ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च विमाधारकाचा, त्यावरचा कंपनीचा.

खोलीभाड्याची मर्यादा : मोठा फटका इथे बसतो. समजा, विमा ५ लाखांचा आणि भाड्याची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ५ हजार रुपये आहे. रुग्णाने १० हजारांची खोली घेतली. चार दिवसांचे भाडे ४० हजार, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह व नर्सिंगचे १.६० लाख, औषधे-तपासण्यांचे ६० हजार. एकूण बिल २.६० लाख.

भाडे निम्मेच मंजूर होते. त्याच प्रमाणात डॉक्टर, शस्त्रक्रियागृह आणि नर्सिंगचा खर्चही निम्मा धरला जातो. उरले १.६० लाख. त्यातून १० टक्के को-पे वजा जाता कंपनी देते १.४४ लाख. रुग्णाच्या खिशातून जातात १.१६ लाख.

कपात कशावर नाही? विमा नियामक ‘आयआरडीएआय’च्या २०२० मधील नियमांनुसार औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू शुल्कावर ही प्रमाणशीर कपात करता येत नाही. खोलीनुसार दर न बदलणाऱ्या रुग्णालयांतही ती लागू होत नाही.

काय करावे? पॉलिसीसोबतच्या ग्राहक माहिती पत्रकात या अटी दिलेल्या असतात. त्या आधीच वाचा आणि रुग्णालयात दाखल होताना खोली निवडण्यापूर्वी विमा डेस्कवर आपली भाडेमर्यादा विचारून घ्या.