राजाने लेझीम खेळू नये?

लक्ष्मण उतेकर यांचा ‘छावा’ (२०२५) आम्ही मुलुंडच्या एका चित्रपटगृहात पाहिला. शेवटच्या छळप्रसंगी भोवती हुंदके ऐकू येत होते. आमचेही डोळे कोरडे राहिले नाहीत. आमची तक्रार पडद्यावर जे दिसले त्याविषयी नाही, जे दिसू दिले नाही त्याविषयी आहे.

प्रदर्शनाआधी, जानेवारीत आलेल्या झलकीत संभाजीराजे आणि येसूबाई लेझीम खेळताना दिसले. छत्रपती नाचतील कसे, असा गदारोळ उठला आणि दिग्दर्शकांनी ते दृश्यच काढून टाकले. जी लेझीम आपण शाळेच्या मैदानावर आणि पाडव्याच्या मिरवणुकीत अभिमानाने मिरवतो, ती राजाच्या हाती तेवढी अशोभनीय ठरली!

आक्षेपामागचे दुखणे खोटे नाही. ज्यांच्या पूर्वजाला, बाळाजी आवजींना, संभाजीराजांनी देहदंड दिला, त्या मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीने या राजाला उग्र आणि लहरी ठरवले. पुढे गडकऱ्यांच्या अपुऱ्या ‘राजसंन्यास’सारख्या नाटकांनी त्यावर विलासाचे रंग चढवले. या प्रतिमेला खरे उत्तर दिले ते वा. सी. बेंद्रे यांनी. वर्षानुवर्षे कागद धुंडाळून त्यांनी १९६० साली संभाजीराजांचे चरित्र सिद्ध केले आणि बखरीतला राजा पुराव्यापुढे टिकला नाही. उलट २०१७ च्या जानेवारीत पुण्यात गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठेत फेकला गेला. त्याने ‘राजसंन्यास’मधले एकही वाक्य खोडले गेले नाही. लेझमीवर चाललेली कात्री याच दुसऱ्या जातकुळीतली आहे.

कारण ती राजाचे चरित्र वाचतच नाही. संभाजीराजांनी ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ‘नखशिख’, ‘नायिकाभेद’ या ब्रज रचना त्यांच्या नावावर आहेत. शृंगाराच्या परंपरेत रमलेल्या या कवीला चार पावले आनंदाने टाकण्याची मनाई करणारे आपण कोण? १६७८ मध्ये दिलेरखानाला मिळणारा, वर्षभराने परतणारा आणि १६८९ मध्ये मरणासमोर न वाकणारा पुरुष एकच होता. त्याला समजून घ्यायचे तर त्याचा राग, चूक आणि हर्ष हे सारेच लागेल.

बखरकाराने त्याचे दोष तेवढे ठेवले; आता भक्त त्याचे हौतात्म्य तेवढे ठेवू पाहतात. साहित्य शिकवणाऱ्यांनी तरी ‘राजसंन्यास’ आणि बेंद्रे वर्गात शेजारी ठेवून वाचावेत. नाटककाराला खोडायचेच असेल, तर ते तिथे, पुराव्यानिशी खोडावे.