अधिकारीपदाची वाट आणि आईबाप

आपल्या समाजातील एखादा मुलगा अगर मुलगी सैन्यात अधिकारी झाली की त्या घरी मलिद्याचे ताट मांडले जाते, एलियाहू हन्नाबीचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या ताटापूर्वीच्या काळाविषयी आपण फारसे बोलत नाही. आईबापांची कसोटी लागते ती त्याच काळात.

भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांच्या मनात याविषयी एक जुने चित्र आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत तीन वर्षे, पुढे डेहराडूनला एक वर्ष. म्हणजे शाळा सुटताच तरुण अधिकाऱ्याच्या वाटेला लागला. इस्राएलमधील रीत निराळी. येथे बहुतेक अधिकारी शिपायांतूनच निवडले जातात. प्रथम तिरोनूत; पायदळात ती आणि तिच्यापुढील शिक्षण मिळून साधारण सात-आठ महिने जातात. नंतर तुकडीनायकाचा अभ्यासक्रम, आणि निवड झालीच तर बेर शेवाच्या दक्षिणेस मिट्सपे रामोनजवळील बाहाद 1. असे असता भरतीच्या दिवशीच "आमचा मुलगा ऑफिसर होणार" असे नातेवाइकांना सांगत सुटणे म्हणजे त्या अठरा वर्षांच्या पोराच्या पाठीवर आणखी एक ओझे चढविणे होय.

या महिन्यांत घरी काय घडते? मुलगा शुक्रवारी येतो तो मळलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन, आणि किद्दूशनंतर जेवणाच्या मेजावरच पेंगू लागतो. आजीने मराठीत दहा प्रश्न विचारले तरी उत्तर एकच: "बेसेदेर." काही शब्बाथना तर तो येतही नाही. हा दुरावा नव्हे, थकवा आहे. त्याला झोपू द्यावे. चौकशी शनिवारी संध्याकाळी करावी. तेव्हा तो आपणहून बोलतो, असा पुष्कळ घरांचा अनुभव आहे.

अधिकाऱ्याला फोन करण्याच्या सवयीविषयीही लिहिणे भाग आहे. जेवण आवडत नाही, बूट चावतात, एवढ्यासाठी फोन करू नये. मुलाची त्याच्या सोबत्यांत शोभा होते. मात्र घरी आजारपण असेल, किंवा मुलाच्या पगारावर घर चालत असेल, तर ते दडवूही नये. शिपायांच्या घरच्या अडचणींसाठी सैन्यात मशाकीत ताश नेमलेली असते, आणि गरजू कुटुंबांना आर्थिक साहाय्याची तरतूद आहे. आपली माणसे लाजेपोटी तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. ही लाज निरर्थक आहे.

त्याहून मोठी लाज अभ्यासक्रमातून परत पाठविलेल्या मुलाची वाटते. आपला लष्करी अभिमान जुना आहे. 1796 साली मुंबईत आपले पहिले सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनीच्या फौजेतले अधिकारी होते, हे आपण मुलांना आवर्जून सांगतो. पण गुडघा दुखावला म्हणून, वा मार्गनिर्देशनात कमी पडला म्हणून कोणी परत आला, तर घरात शोककळा पसरते आणि शेजाऱ्यांना काहीतरी निराळेच कारण सांगितले जाते. मुलगा ते ऐकत असतो.

उलट बाजूही आहे. अधिकारी होण्यासाठी सक्तीच्या मुदतीनंतरच्या सेवेची सही द्यावी लागते. शिक्षण लांबेल, लग्न लांबेल, म्हणून आई सही करू नकोस म्हणते. 7 ऑक्टोबर 2023 रोजी बाहाद 1 मधील शिकाऊ अधिकारीही लढाईत उतरले होते, तेव्हा तिची भीती पोकळ आहे असे कोण म्हणेल? ती तिने एकदा स्पष्ट बोलून दाखवावी. त्यानंतर सही करणे न करणे मुलावर सोडावे. तिच्या आसवांवर ते ठरू नये.

संपादकांना एक विनंती. अभिनंदनाच्या सदरात अधिकाऱ्यांची नावे येतात, तशी तिरोनूत पुरी करणाऱ्या सर्वांची, स्वयंपाकघरात व कार्यालयात नेमणूक झालेल्यांचीही, कुटुंबाची संमती घेऊन यावीत. पुढील अंकापासूनच आरंभ करता येईल.